पायपेटीतला गंधार

पेटीत पट्ट्या एकोणपन्नास. पांढऱ्या एकोणतीस, काळ्या वीस. पांढऱ्यांपैकी पाचांवरचे पापुद्रे निघालेले. आत सूर, म्हणजे पितळेच्या जिभा, तेही एकोणपन्नास. वाजणारे शेहेचाळीस, मुके तीन: दुसरा, सतरावा आणि शेवटचा. भात्याला भोके दोन, एक उंदराचे, दुसरे कशाचे ते ठरवता आले नाही. पायाने दाबायच्या फळ्या दोन, डावीचा पट्टा तुटलेला. तळाशी धूळ, चिंचोके चार, केसांतला आकडा एक, वाळलेली झुरळे अकरा, आणि इंग्रजी गीतांच्या पुस्तकातले अर्धे पान. त्यावर कुणीतरी पेन्सिलीने ओळींखाली मराठी शब्द बसवायला घेतले होते आणि तिसऱ्या ओळीला सोडून दिले होते. चार जिभांच्या मुळाशी ओरखडे: पाचवी, सतरावी, एकोणतिसावी, एकेचाळिसावी. ही यादी मी १४ डिसेंबर १९३८ रोजी, बुधवारी, सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळात केली. ओरखड्यांपुढे कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘अडाणी दुरुस्ती’. शंका असली की मी प्रश्नचिन्ह घालते. तिथे घातले नाही.

त्यानंतरच्या रविवारी मुक्तामावशी गाता गाता थांबल्या. औंढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वाडीत नऊ घरे ख्रिस्ती आहेत आणि एक पत्र्याची खोली आहे, जिथे माझे वडील, भिमाजी मास्तर, सहा दिवस शाळा घेत आणि सातव्या दिवशी प्रार्थना. ते जाऊन चौदा महिने झाले होते. तेवढेच दिवस पेटी गोणपाटाखाली होती, कारण ती वाजवणारे दुसरे कुणी नव्हते. मी पुण्याच्या बोर्डिंगात वाजवायला शिकले होते, पण बी. एस्सी. होईपर्यंत आणि नंतर मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला लागल्यावर गावी यायची ती दोन दिवसांसाठी. या नाताळला पंधरा दिवस होते. शाळेच्या कपाटातून चिठ्ठी देऊन मी दोनशे छप्पन कंपनांचा एक चिमटा आणला होता, जो गुडघ्यावर आपटला की एकच शुद्ध सूर देतो. शिवाय थांबवायचे घड्याळ, दोन बारीक कानशी आणि ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकातून उतरवून घेतलेले सुरांच्या कंपनांचे कोष्टक. भाता सांधला, पट्टा बदलला, आणि चार दिवस खपून वाजणारा प्रत्येक सूर कोष्टकाप्रमाणे मिळवला. बहुतेक सूर थोडेच हललेले होते. फक्त गंधार, सा रे ग मधला तिसरा सूर, एक मुका सोडून प्रत्येक सप्तकात चांगलाच उतरलेला होता. मधला गंधार सेकंदाला अडीच कंपनांनी उतरलेला, असे वहीत लिहून त्यापुढे मी कारण दिले होते, ‘दमट हवा, किंवा वाजवणाऱ्याला कान नसणे’. तेही प्रश्नचिन्हाशिवाय. रविवारी पहिलेच गीत मुक्तामावशींचा पाळणा होते. येशूच्या जन्माचा हा पाळणा त्यांनी स्वतः रचला आहे, चाल त्यांची आहे, आणि वाडीत नाताळ म्हणजे तो पाळणा. ‘गव्हाणीत निजला बाळ गं, वैरणीची केली शेज’ अशी ओळ त्या म्हणतात, बाकीचे मागून म्हणतात, आणि ‘शेज’वर सगळे गंधार धरून थांबतात, चांगला अकरा मात्रांचा थांबा आहे. त्या थांब्याला आल्या, सूर लावला, माझ्याकडे पाहिले आणि तोंड मिटले. बाकीच्यांचे आवाज दोन मात्रा पुढे जाऊन विझले. पट्टीवर बोट ठेवून मी तशीच बसले होते. पत्र्याच्या खोलीत एकटा गंधार वाजत होता, आणि तो अगदी बरोबर होता.

प्रार्थना संपल्यावर बाहेर उन्हात सगळे उभे राहिले. खोलीची किल्ली कमरेला बांधून फिरणारे रखमाजीआबा खुशीत होते. पाद्रीसाहेबाची पेटी पुन्हा बोलू लागली हा त्यांना घरचाच मान वाटत होता. मी मुक्तामावशींना विचारले, काय झाले. “कुटं काय,” त्या म्हणाल्या, “खोकला आला.” खोकला आला नव्हता. “चौदा म्हैनं पेटी बंद,” आबा म्हणाले, “तवर मुक्ता मोकाट सुटली व्हती. आता पेटी आली वळनावर, तर मुक्ताच अडली.” “आबा, तुमी गप बसा. भाता कुटं फाटला त्ये तुमाला चौदा म्हैन्यांत दिसलं न्हाई, तुमाला सूर काय दिसायचा?” सगळे हसले. मग त्यांनी मला कोपराला धरून बाजूला नेले. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता. “रागावू नगंस, अनू. पेटी लय चांगली झालीया. पर त्या थांब्यावर माजा आवाज हलतोय बग. दात हलावा तसा. मी नाताळाला गप बसते. तू वाजीव. पोरं गातील तुज्यासंगं.” मी म्हटले, पाळणा तुमचा आहे. “मंजी काय झालं? बाळ माजं व्हतं व्हय?” असे म्हणून त्या हसल्या आणि पदर सावरून निघून गेल्या. मला बरे वाटले नाही. नाताळला सात दिवस होते. त्या गप्प बसल्या तर पोरे पेटीच्या मागे गातील, पुढच्या वर्षीही पेटीच्या मागेच गातील, आणि पाळण्याची चाल जशी आहे तशी फक्त त्यांच्याजवळ होती.

वाडीपासून लोणावळ्याला आमच्या राहत्या खोल्या आहेत तिथवर दीड तासाची वाट. आई पुढे, मी मागे. भात कापून झालेले, खाचरांत खुंट उभे, बांधावर पेंढ्याच्या उडव्या, आणि ओल धरून असलेल्या खाचरांत वाल नुकता फुललेला. चालता चालता मी मनात पुन्हा पुन्हा सूर मोजत होते, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होते: पेटी बरोबर, मावशी चूक. असे उत्तर आले की समाधान व्हायला हवे. त्याऐवजी मला मडमसाहेबांचा व्हरांडा आठवला. मी दहा वर्षांची होते. पावसाळा सोडून बाकी वर्षभर पाद्रीसाहेब आणि मडमसाहेब लोणावळ्याच्या बंगल्यात असत. मडमसाहेब चांगल्या होत्या. हे मी सांगायचे म्हणून सांगत नाही, मला पुण्याच्या बोर्डिंगात त्यांनीच घातले आणि माझा पहिला चष्मा त्यांनीच करून आणला. त्या दिवशी पाहुण्या बाईंसाठी व्हरांड्यात चहा होता, माझ्या हातात केकची बशी होती, बाबा पायरीवर उभे होते. मडमसाहेब पाहुणीला इंग्रजीत म्हणाल्या की भिमाजीइतका प्रामाणिक माणूस मिळायचा नाही, पण देवाने त्याला कान दिलेला नाही. प्रत्येक गीत तो एकाच पट्टीपासून सुरू करतो आणि पेटी बेसूर आहे हेही त्याला कळत नाही. मला तेवढे इंग्रजी येत होते. बाबांना तर येतच होते. ते हसले आणि त्यांनी माझ्या हातातली बशी सरळ केली, कारण ती कलंडली होती. ते हसणे मी नंतर कितीतरी वेळा आठवून पाहिले आहे आणि दर वेळी त्याचा अर्थ एकच लावला आहे: खरे आहे ते ऐकून माणूस जसा हसतो तसे. पुण्याच्या ख्रिस्ती देवळात वाजवणारे सद्गृहस्थ एका गीतातून दुसऱ्यात जाताना पट्टी बदलत, खोलीतला उजेड बदलावा तसे काहीतरी होई, आणि माझ्या मनात येई की आमच्या वाडीत उजेड बदलत नाही. एकदा बोर्डिंगातली मैत्रीण नाताळला यायचे म्हणत होती. मी तिला रस्ता वाईट आहे असे सांगितले.

पेटीवर आत एक पितळी पट्टी आहे, तिच्यावर बनवणाऱ्याच्या शहराचे नाव आणि खाली ‘उष्ण प्रदेशांसाठी खास’ असे इंग्रजीत कोरलेले. लाकडाला कोपऱ्यांवर पितळ ठोकले आहे, सरसाऐवजी जागोजाग स्क्रू आहेत, आणि सगळी पेटी मिटून एका माणसाला पाठीवर नेता येते. शाळेच्या नकाशासमोर उभे करून बाबा सांगत, असल्याच पेट्या ब्रह्मदेशात गेल्या, आफ्रिकेत गेल्या, नाव ठाऊक नसलेल्या बेटांवर गेल्या. नकाशात तांबडे जेवढे आहे तेवढ्यात दर रविवारी सकाळी हीच गाणी म्हणतात, पण एकदम नाही. सूर्य जसा सरकतो तशी एका गावात संपली की पश्चिमेच्या गावात सुरू होतात. मला हे फार आवडायचे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून आमच्या पूर्वेला पंधरा अंशांवरचे लोक आमच्या एक तास आधी उठून उभे राहिले असतील, असा हिशोब करून मी त्यांना सांगायची, आणि ते म्हणायचे, मग त्यांचे आटोपले असेल, आपण सुरू करू. पाच वर्षांपूर्वी मिशनने आमचे ठाणे बंद केले. साहेब आणि मडमसाहेब विलायतेला गेले. मागे राहिले ते असे: पेटी, अकरा खुर्च्या, किल्ली हरवलेले घड्याळ, मेंढरू खांद्यावर घेतलेल्या येशूचे चित्र, आणि रविवार. खुर्च्यांवर कुणी बसत नाही, त्यांच्यावर गोधड्या ठेवतात. चित्रातल्या मेंढराकडे बघून रखमाजीआबा दर वर्षी म्हणतात की जात चांगली आहे, पण आपल्या पावसात टिकायची नाही.

सोमवारी सकाळी आई तांदूळ निवडत होती आणि मी वही उघडून बसले होते. घाटातून येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली. मी यादी नुसती वाचत होते, काही शोधत नव्हते. पाच, सतरा, एकोणतीस, एकेचाळीस. पाचांत बारा मिळवले की सतरा. सतरांत बारा मिळवले की एकोणतीस. एका सप्तकात बारा पट्ट्या असतात. ओरखडे चारच जिभांवर होते आणि चारही जिभा गंधाराच्या होत्या. अडाणी माणूस दुरुस्ती करील तर कुठेही खरवडील. दर बाराव्या जिभेला नेमके मुळाशी खरवडणार नाही. जिभेचे टोक कानशीने घासले की ती हलकी होते आणि सूर चढतो. मूळ घासले की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. म्हणजे कुणीतरी चारही गंधार मुद्दाम उतरवले होते. मी वहीवरून मान वर केली आणि आईला विचारले, बाबांनी कधी पेटी उघडली होती का.

“एकदा,” आई म्हणाली. “मडमसाहेब उटकमंडला गेल्या होत्या तेव्हा. तू पाळण्यात होतीस.” तिने एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला. “मुक्ताबाईला समोर बसवलं आणि एकच ओळ तीन दिवस म्हणायला लावली. वैरणीची केली शेज, वैरणीची केली शेज. तिसऱ्या दिवशी ती उठली. म्हणाली, मास्तर, माझी भाताची लावणी खोळंबलीय, तुमच्या बाळाला आता निजू द्या.” मी विचारले, कशाने खरवडले? आई हसायला लागली. “दाढीच्या वस्तऱ्यानं. वस्तरा घेऊन गेले आणि करवत घेऊन आले. महिनाभर दाढी वाढली होती. मडमसाहेब परत आल्यावर म्हणाल्या, भिमाजी, तू गोसावी झालास का? हे म्हणाले, नाही मडमसाहेब, वस्तरा बोथट झालाय. खोटं नाही बोलले.” “मग त्यांनी सांगितलं का नाही?” “काय सांगायचं? पेटी मिशनची. उघडायची परवानगी नव्हती.” ती पुन्हा निवडू लागली. हात न थांबवता म्हणाली, “मी भांडले होते वस्तऱ्यावरून. तर म्हणाले, मुक्ताबाई आता बदलायची नाही. पेटी नवी आहे, ती शिकेल.”

मी परसात जाऊन उभी राहिले. मला जे समजले होते ते समजायला चार वर्षांचे कॉलेज लागले होते असे नाही. ते मला आधीच माहीत होते, परीक्षेत विचारले होते, आणि त्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. माणूस नुसत्या गळ्याने गातो तेव्हा त्याचा गंधार ‘सा’पासून पाचास चार या प्रमाणात बसतो. दोन्ही सूर एकत्र धरले तर ते स्थिर राहतात, त्यांच्यात हेलकावा उठत नाही. पण विलायती पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, कुठल्याही पट्टीपासून सुरुवात केली तरी चालावे म्हणून. त्यासाठी प्रत्येक सुराला आपल्या जागेवरून थोडे थोडे सरकवावे लागते, आणि गंधार चांगलाच वर सरकतो. ती पेटी कुठेही नेता येते आणि कुठूनही सुरू करता येते. बाबांना कुठूनही सुरू करायचे नव्हते. त्यांनी एका ‘सा’पुरती पेटी खरी करून घेतली आणि बाकीच्या पट्ट्या सोडून दिल्या. म्हणून त्यांचे प्रत्येक गीत एकाच पट्टीपासून सुरू होई, आणि मडमसाहेबांनी दुसरीकडून वाजवले की पेटी बेसूर वाटे. दोन्ही गोष्टी मडमसाहेबांनी अचूक पाहिल्या होत्या. मी आत येऊन आकडेमोड केली. आमच्या पेटीच्या मधल्या ‘सा’पासून धरले तर कोष्टकातला गंधार आणि पाचास चारचा गंधार यांत सेकंदाला दोन पूर्णांक सहा दशांश कंपनांचा फरक येतो. वहीत मी लिहून ठेवले होते, अडीच. तो अडीच मी चार दिवस खपून, कानशीने, पुसून टाकला होता. धैवत आणि निषादही असेच वर सरकतात; ते त्यांनी का खरवडले नाहीत ते मला कळले नाही. कदाचित पाळण्यात थांबा त्यांच्यावर नाही म्हणून. कदाचित वस्तरा संपला म्हणून. ‘कान नसणे’ या शब्दांवर मी एक रेघ मारली आणि वर तारीख घातली. मग पहिल्यांदाच मला त्या व्हरांड्यातल्या हसण्याचा दुसरा अर्थ सुचला, आणि तो इतका सोपा होता की मीच हसले. आईने विचारले, काय झाले. मी म्हटले, वस्तरा कुठे आहे?

गुरुवारी वाडीत गेले. रखमाजीआबांनी किल्ली काढली, पण लगेच दिली नाही. “पुन्ना काय करतीस? चांगली झालीया की.” “थोडी बिघडवायची आहे, आबा.” त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिले. “मास्तरांचा न्हवं ह्यो?” “हो.” “मंग बिघडीव,” म्हणाले आणि कुलूप काढून बांधावर जाऊन बसले. मुक्तामावशींना मी निरोप पाठवला होता. त्या सुपात पावट्याच्या शेंगा घेऊन आल्या आणि कुणी न सांगता पेटीच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून बसल्या. “तुजा बापबी मला हितंच बसवायचा,” म्हणाल्या. मी पेटीचे झाकण उचलत होते. मी म्हटले, मावशी, तुम्हाला माहीत होते तर रविवारी का नाही सांगितलेत? त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “तू शिकल्याली. मला वाटलं पेटीबी शिकली आसंल. मंग मी म्हातारी कशाला मदीच बोलू.” “आणि बाबांनी मला का नाही सांगितलं?” “तुला सांगाय तू व्हतीस कुटं? पुन्याला.” त्यांनी हे लावून म्हटले नव्हते. पुण्याला होते हे खरेच होते. मी एकोणतिसावी जीभ काढली, काचेच्या तुकड्यावर आडवी धरली आणि मुळाशी वस्तरा टेकवला.

वस्तऱ्याला सात दाते पडलेले होते. मी आधी नवी कानस वापरून पाहिली; ती एका फटक्यात फार पितळ नेते. वस्तरा थोडे थोडे नेतो. दोन वेळा ओढायचा, जीभ परत खोबणीत सरकवायची, पायाने भाता चालवायचा, सा आणि गंधार एकदम दाबायचे आणि ऐकायचे. हेलकावे जितके कमी तितका गंधार खरा, आणि त्याच्या एका कंपनाच्या चुकीला हेलकावे चार, म्हणून सुरुवातीला दोघांच्यात सेकंदाला दहा हेलकावे होते. इतके जलद की मोजता येत नाहीत, नुसता खरखरीतपणा जाणवतो, मांजराच्या अंगावर हात ठेवल्यासारखा. मग सात. मग मोजता येतील असे पाच. एकदा फार खाली गेले, टोक घासून परत वर आणावे लागले. ऊन दारातून आत आले आणि खुर्च्यांच्या पायांपर्यंत पोचले. काम करताना माझ्या मनात तांबडा नकाशा येत होता. त्या सगळ्या ठिकाणी असल्या पेट्या गेल्या, मिटवून, पाठीवर, डोंगर चढून. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हातारी थांब्यावर येऊन अडली असणार. तिथल्या कुणी मास्तराने वस्तरा घेतला असेल का? एखाद्या बेटावर एखादी जीभ मुळाशी खरवडलेली असेल, आणि ती यादीत लिहून घेणाऱ्याने पुढे काय कारण लिहिले असेल? हे मोजायची काही सोय नाही. तीन हेलकावे. दोन. मुक्तामावशी शेंगा फोडता फोडता केव्हा गुणगुणू लागल्या ते मला कळले नाही. मी सांगितले नव्हते. त्या ‘शेज’वर येत, थोडे थांबत, आणि पुन्हा शेंगेकडे वळत. मी वस्तरा अगदी हलका, एकदाच ओढला, जीभ बसवली, दोन्ही पट्ट्या दाबल्या. मावशींचे हात थांबले. फोडलेली शेंग तशीच बोटांत होती. त्या धरून राहिल्या, अकरा मात्रांपेक्षा खूप जास्त, आणि त्यांचा आवाज पेटीच्या आवाजात कुठून सुरू होतो ते मला सांगता आले नसते. “ह्यो माजा,” त्या म्हणाल्या, आणि दाणे सुपात टाकले. मी घड्याळ लावून मोजले आणि आकडा वहीत टिपला. पाचवी आणि एकेचाळिसावी तिच्या मानाने लवकर झाल्या.

नाताळच्या दिवशी खोलीत आणि दाराबाहेर मिळून सदुसष्ट माणसे होती, त्यांत वाडीतली नव्हेत अशी एकोणीस. पाळणा ऐकायला औंढ्याहूनही माणसे येतात, दाराबाहेर बसतात आणि गूळ-खोबरे घेऊन जातात. गोधड्या काढून खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांवर तरीही कुणी बसले नाही. मी सा धरला. मुक्तामावशींनी ओळ उचलली, ‘गव्हाणीत निजला बाळ गं’, आणि मागून सगळे आले, आणि ‘शेज’वर मी डोळे मिटले. सदुसष्ट माणसांचा आवाज एकाच जागी उभा राहिला तर पत्रा वाजायला लागतो, ही गोष्ट मी विसरले होते. लहानपणी मी त्याला देव आला असे समजायची. तो पत्राच असतो. तरी माझ्या हातांवरचे केस उभे राहिले होते आणि पाय आपोआप भाता चालवत होते. मडमसाहेब तिथे असत्या तर त्यांना वाटले असते की पेटी पुन्हा उतरली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना कुठूनही सुरू करायची सवय होती आणि आम्ही इथूनच सुरू करत होतो. गीत संपल्यावर आबा मागून मोठ्याने म्हणाले, “आता पेटी मुक्तावानी वाजती.” “आन तुमी भात्यावानी बोलताय,” मावशी म्हणाल्या, “भोक पडलं तरी वारा थांबंना.” प्रार्थना पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ लागला.

दुपारी जेवणे झाल्यावर बायका भांडी घासायला ओढ्यावर गेल्या. खोलीत मी आणि आई दोघीच होतो. दारातून चांगला उजेड येत होता. पुण्याला जाण्याआधी मुके सूर काढून त्यांची मापे घ्यायची होती, नवे बसवायला. दुसऱ्याची जीभ मोडलेली होती, शेवटच्याचीही. सतराव्याची मोडलेली नव्हती. ती पहिल्याच दिवशी अडकलेली आहे असे पाहून मी बाजूला ठेवली होती; तिला कानस लावली नव्हती, टोकाला नाही आणि मुळालाही नाही. भिंगातून पाहिले तर जीभ आणि चौकट यांच्यामध्ये झुरळाच्या पंखाचा तुकडा रुतला होता. पेटीत सापडलेला केसांचा आकडा मी चौकोनी डबीत जपून ठेवला होता. त्याने तुकडा सोडवला. तो आकडा आईचा होता, तिने ओळखला. मुळाशी सहा ओरखडे होते, एकमेकांना अगदी समांतर, सगळे एकाच लांबीचे. जीभ खोबणीत सरकवली, भाता चालवला, पट्टी दाबली. ती लगेच बोलली. तेरावी पट्टी म्हणजे त्याच सप्तकातला सा, तीही दाबली. मी आईच्या हातात घड्याळ दिले आणि कोणते बटण दाबायचे ते दाखवले. सप्तक खालचे असले की तेवढाच दोष निम्मे हेलकावे देतो, म्हणून मधल्या सप्तकाशी तुलना करताना आकडा दुप्पट धरावा लागतो. आईने बटण दाबले. मी डोळे मिटून मोजत होते. साठाला ती म्हणाली, “झालं.” वहीत गुरुवारच्या आकड्याखाली जागा होती, तिथे लिहिले.

मधला गंधार, मी लावलेला: साठ सेकंदांत हेलकावे एकतीस.

खालचा गंधार, बाबांनी लावलेला: साठ सेकंदांत हेलकावे सात, दुपटीने चौदा.